विज्ञान दिनाची मोटर

‘विज्ञानाने माणसाचं आयुष्य सोपं केलं आहे,’ हे वाक्य मी गावच्या शाळेत माईकवर म्हटलं, त्याच वेळी माझी काकू शेतातल्या टाक्यात गुडघाभर पाण्यात उभी होती. दोन्ही गोष्टी माझ्यामुळेच घडल्या.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली, पुढे फिजिक्सची पदवी घेतलेली. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की माझा घसा भर पावसाळ्यातही कोरडा पडतो. पण कारध्याजवळच्या आमच्या गावात फिजिक्सवाली मी एकटीच. त्यामुळे हेडसरांनी विज्ञान दिनाच्या भाषणाला मलाच धरलं. “मॅडम, पोट्ट्यांना रोजच्या जीवनातलं विज्ञान दाखवा!” (मॅडम! कालपर्यंत याच सरांना पाहून मी रस्ता बदलत होते.)

बोलणं कमी करायचा एकच उपाय होता, प्रात्यक्षिक! बाबांनी नुकताच शेतातल्या मोटरला मोबाईल स्टार्टर बसवला होता. फोन लावायचा, एक दाबलं की मोटर चालू, तीन दाबलं की बंद. नंबर जोडलेले दोनच, बाबांचा आणि माझा. काकूचा यावर काडीचा विश्वास नव्हता. “माणूस घरी, मोटर वावरात, अन् फोन केला का चालू होते? कोनाले येडी बनवता?”

तेव्हा घरात काकूच्या मुलीच्या, पिंकीताईच्या, लग्नाची तयारी चालली होती. रुखवतात कोहळ्याच्या वड्या हव्याच, आणि त्या काकूच्याच हातच्या. नवऱ्याकडच्या बायका वडी बोटाने दाबून नवरीच्या आईची परीक्षा घेतात म्हणे! घरावर कवेलूंचं उतरतं छप्पर, त्यामुळे वाळवणाला सपाट जागा नाही. सकाळी बाबा, “आज धानाले पाणी देत नाही,” असं सांगून वरठीला कारखान्यात ड्युटीवर गेले आणि काकूला मोटरीचं पाणी पडतं ते सिमेंटचं टाकं आठवलं. आज कोरडं, खाली गुळगुळीत, वरून रणरणतं ऊन! तिने टाकं धुतलं, जुनी साडी अंथरली आणि वड्या घातल्या. हे मला कुणी सांगितलं नाही. मीही प्रात्यक्षिकाचं कुणाला सांगितलं नाही. (मी घरात कुणाला फारसं काही सांगतच नाही.)

सरांनी माझा फोन शाळेच्या स्पीकरला जोडला. मी एक दाबलं. “मोटर चालू झाली आहे,” स्पीकरमधली बाई म्हणाली. टाळ्या! अशा टाळ्या मला जन्मात मिळाल्या नव्हत्या. माझी भीड चेपली आणि तिथेच घात झाला. मोटर बंद करायचं विसरून मी पंख्यावर बोलले, कुकरवर बोलले, फ्रीजवर तर बोलतच सुटले!

एवढ्यात फोन वाजला. मी घाबरून उचलला.

“अवो पोरी!” स्पीकरमधून काकू कडाडली. “मोटर आपोआपच चालू झाली व माय! भूत शिरलं तिच्यात!”

“काकू, भूत नाही... मी आहे.”

“तू? इथं तं कोनीच नाही!”

“मी शाळेत आहे.”

“मंग मोटर कोन चालवून राहिलं?”

“मीच.”

काकूचा विज्ञानावर विश्वास बसला तो हा क्षण.

“बंद कर ना मंग! पिंकीच्या रुखवताच्या वड्या पोहून राहिल्या टाक्यात!”

“काकू, पेटीवरचं लाल बटण दाब!”

“ओल्या हातानं? तूच तं सांगतलं, ओल्या हातानं बटन दाबाचं नाही म्हणून!”

(अख्ख्या भाषणात इतकं अचूक विज्ञान मला सुचलं नव्हतं.)

“मग फोन ठेव! म्हणजे मी मोटरला लावते.”

“पयले बंद कर, मंग ठेवीन!”

झालं! काकूने फोन ठेवल्याशिवाय मोटर बंद होणार नाही आणि मोटर बंद झाल्याशिवाय काकू फोन ठेवणार नाही! मी कट केला की मोटरचा नंबर सापडायच्या आत काकूचा फोन पुन्हा हजर. बाबांना सांगावं, तर त्यांचा फोन कारखान्याच्या गेटवर जमा. शेवटी मी डोळे मिटून किंचाळले, “काकू, फोन ठेव!” पोरांना तेवढंच हवं होतं. सगळी शाळा एका सुरात ओरडली, “काकू, फोन ठेवा!” हेडसरांचा आवाज सगळ्यात मोठा!

काकूने ठेवला. मी तीन दाबलं.

धावत शेतात गेले, तर काकू टाक्याच्या काठावर निथळत बसली होती आणि टाक्यात वड्यांचं पातळ वरण झालं होतं. माझे डोळे भरून आले.

“रडतेस काहून?” काकू पदर पिळत म्हणाली. “तुले एवढ्या मोठ्यानं बोलता येते? मले तं वाटे, तुह्या आवाज इंग्रजी शाळेनं जमा करून घेतला!”

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बायका पाटे घेऊन मदतीला आल्या, हेडसरांनी वाळवणाला शाळेचा स्लॅब दिला आणि वड्या पुन्हा पडल्या. पुढे त्या रुखवतात दिमाखात मांडल्या गेल्या. पिंकीताईच्या सासूबाईंनी दाबून पाहिल्या आणि मान डोलावली. पण वाळेपर्यंत बंदोबस्त कडक होता. कावळ्यांसाठी काळं फडकं, वानरांसाठी गलोल, आणि माझ्यासाठी खुद्द काकू, माझा फोन कमरेला खोचून!