फोनवर अंथरलेली दस्ती

सोमवारी सकाळी वंदनाताईंचा फोन आला. "दादा गेला गं... शनिवारी डायलिसिसला गेला तर माघारी पाठवलं त्याला. म्हणले, तुम्हीच मोबाइलवरून रद्द केलं." मी ऑफिसात होते. ज्यावरून वेळ रद्द झाली, ते रुग्णालयाचं अ‍ॅप मीच केलेलं होतं.

मिलिंददादा जन्मांध. मुकुंदवाडीत बहिणीकडं, वंदनाताईंकडं, राहायचे आणि आमच्या ऑफिसात अ‍ॅप तपासायला यायचे. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा फोनचा आवाज ते इतका वेगात ठेवायचे की आम्हाला नुसती गुणगुण ऐकू यायची. पहिल्या दिवशी मी मोठ्या तोऱ्यात माझं डिझाइन त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी खिशातली निळी दस्ती, म्हणजे हातरुमाल, काढली, झटकली आणि माझ्या फोनवर अंथरली. "आता खाली हात घालून चालव, पोरी." मला लॉगिनसुद्धा जमलं नाही. "लई देखणं केलंस म्हणं," ते हसले. मी चिडले होते, पण पुढं काम शिकले ते त्यांच्याकडूनच.

मग त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं आणि नेमकं त्याच रुग्णालयाचं अ‍ॅप आमच्याकडं आलं. तपासताना दादा म्हणाले, "हितं दोन बटनं हायत. दोन्हींला फोन नुसतं 'बटन' म्हणतोय. कोणतं कशाचं, कसं कळावं?" एक वेळ पक्की करायचं, दुसरं रद्द करायचं. एक हिरवं, एक लाल... डोळसांना तेवढं पुरे. अ‍ॅप द्यायची घाई होती. मी म्हटलं, "पुढच्या वेळी करू, दादा."

"व्हय. आमचं समदं पुढच्याच येळंला असतंय," ते म्हणाले आणि चहाला गेले.

त्या शुक्रवारी घरात कुणी नव्हतं. शनिवारची वेळ पक्की करायला दादांनी अंदाजानं एक बटन दाबलं. शनिवारी त्यांची खाट दुसऱ्याला दिलेली होती, रविवारी केंद्र बंद, सोमवारी उजाडता श्वास अडकला. शरीर तसंही थकलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. म्हणोत बापडे. मला माझी चूक ठाऊक आहे.

दादांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर मी वंदनाताईंना सगळं सांगितलं. त्या उठून आत गेल्या. दादांची दस्ती आणून माझ्या हातात ठेवली. "तो म्हणायचा, पोरगी शिकंल. आता तरी शिक."

ती दस्ती मी पहिल्यांदा अंथरली ती त्याच पानावर. खाली बोट फिरवलं. "वेळ पक्की करा, बटन." "वेळ रद्द करा, बटन." ही नावं मी दादा गेले त्या सोमवारीच दिली होती... चार मिनिटं लागली.