सत्कार सरोजताईंचा, कुलूप त्यांच्याच शेडला

सरोजताई लोंढे यांच्याशी माझी ओळख झाली ती मी चिडले म्हणून. पुतणीच्या लग्नात उरलेल्या रिकाम्या काचेच्या बाटल्यांचे पोते रिक्षात घालून मी त्यांच्या धायरीच्या शेडवर नेले होते. कौतुक होईल अशी माझी अपेक्षा. ताईंनी एक बाटली हुंगली आणि म्हणाल्या, "अहो, या धुऊन आणा. घाणीवर सिमेंट धरत नाही." मी तणतणत घरी गेले, बाटल्या धुतल्या आणि परत आले. निवृत्तीनंतरचा माझा बहुतेक वेळ तेव्हापासून त्याच शेडमध्ये गेला आहे.

ताई मूळच्या इंटिरियर डिझायनर. औषधांच्या तपकिरी बाटल्या, सरबताच्या हिरव्या, खिडक्यांची निळसर काच, हे सारे फोडून त्या पांढऱ्या सिमेंटमध्ये ओततात आणि घासून, चकाकी आणून त्यातून स्वयंपाकाचे ओटे, काउंटर, भिंतीच्या लाद्या घडवतात. त्यांचा एक दंडक आहे. माल शेडबाहेर पडण्यापूर्वी घेणाऱ्याने त्यावरून, विशेषतः कडांवरून, उघडा तळहात फिरवायचा. कुठे बोचले तर माल पुन्हा घासायला.

आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या वाचनालयाचे काउंटर न्यायला अध्यक्ष स्वतः टेम्पो घेऊन आले होते. उद्घाटन दुसऱ्या दिवशी. पत्रिका वाटून झाल्या आहेत, हात फिरवत बसायला वेळ नाही, असे त्यांनी सांगितले. ताईंनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतःच हात फिरवला. एका कोपऱ्यावर तो अडखळला. टेम्पो रिकामा गेला. उद्घाटन प्लायवूडवर चादर घालून झाले आणि आपण सर्वांनी त्या चादरीला टाळ्या वाजवल्या. आज त्या काउंटरवर आपली नातवंडे कोपरे टेकून पुस्तके चाळतात.

माझ्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ताई रोज डबा आणत. भाजीत मीठ कमी आहे, अशी तक्रार मी रोज करी. माझा रक्तदाब वाढलेला असल्याने डॉक्टरांनीच ते कमी करायला सांगितले आहे, हे डबा बंद होईपर्यंत त्यांनी मला कळू दिले नाही.

आता मुद्द्याचे. संघाच्या ज्या बैठकीत ताईंच्या पंचाहत्तरीच्या सत्काराचा ठराव झाला, त्याच बैठकीत ती शेड वस्तीतून हलवावी, या जागामालकांना द्यायच्या अर्जावरही सह्या झाल्या. कारण काय, तर काचेची धूळ उडते. ताई काच बंद पिंपात फोडतात आणि पाणी सोडून घासतात. हे पाहायला सही करणाऱ्यांपैकी एकही जण फिरकला नाही. अध्यक्षांना मी जाब विचारला तेव्हा ते हसून म्हणाले, "मॅडम, सत्कार वेगळा, शेड वेगळी."

सत्कारानंतरच्या रविवारी जागामालक निर्णय देणार आहेत. ताईंनी नवी कामे घेणे थांबवले आहे. मी या अर्जाविरुद्ध भांडत होते, तेव्हा त्या मला एवढेच म्हणाल्या, "या वयात मी दुसरी जागा शोधायला जाणार नाही. शेड गेली की माझं काम संपलं."

सरोजताईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभावे, असे मला मनापासून वाटते. आपणही त्यांना शाल पांघरवताना तेच म्हणाल. मात्र त्या आयुष्यात त्यांनी रिकाम्या हातांनी बसावे, अशी सोय आपणच करून ठेवली आहे. रविवारपूर्वी शेडवर या, काच घासायच्या चालू यंत्राशेजारी उभे राहा, आणि मग आपली सही मागे घ्या. मी तिथेच आहे.