भाऊजींनी लावलेला कौल

कौलावर माझा विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकते. मी वसईत, माणिकपूरच्या एका शाळेत गणित शिकवत असे. घरातली पूजा सासूबाई करायच्या, मी जाता जाता हात जोडायचे आणि रिक्षा पकडायचे. माझी भक्ती एवढीच. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते जसं घडलं तसंच लिहिते. त्याचा अर्थ ज्याने त्याने आपापला लावावा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझ्या थोरल्या मुलीच्या वेळी बाळंतपण अगदी सरळ झालं होतं. मुलगी रडली, मी हसले, आणि मग अंगाखालची चादर ओली होत गेली ती थांबेचना. गर्भाची पिशवी आकसत नव्हती. नर्सिंग होम लहान होतं. तिथल्या लोकांनी शर्थ केली, खाटेच्या पायथ्याशी विटा लावून माझे पाय उंच केले, पण रक्त काही तिथे नव्हतं. ते आणायला आमचे हे बोरिवलीला धावले. त्यात माझा रक्तगट बी निगेटिव्ह, सहजासहजी न मिळणारा. ते परत येईपर्यंत मी छताकडे बघत पडून होते. पाय गार पडले होते आणि डोक्यात एकच विचार होता, पोरीचं नाव ठेवायचं राहिलं. त्यातून मी वाचले, पण पुढची पाच वर्षं आमच्या घरात दुसऱ्या मुलाचा विषय कुणी काढला नाही.

मग दिवस राहिले. आनंद झाला नाही असं नाही, पण आनंदाच्या आधी ते छत आठवलं. डॉक्टरबाई आता नव्या होत्या. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून त्या मला टीचरच म्हणायच्या. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. "टीचर, सिझर केलं म्हणजे रक्तस्राव टळला, असं नसतं. त्यातही रक्त जातं, उलट थोडं जास्तच. पण दिवस ठरलेला असतो, सगळी माणसं हजर असतात. नॉर्मल करायचं तरी मी मोठ्या हॉस्पिटलातच करीन, रक्ताच्या दोन बाटल्या आधी हाताशी असतील तरच. दोन्ही होण्यासारखं आहे. तुमचं मन काय म्हणतं ते मला आठव्या महिन्याअखेर सांगा."

माझं मन काहीच म्हणत नव्हतं. ह्यांचं मत सिझरचं. बोरिवलीची ती धावपळ त्यांना पुन्हा नको होती, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. माझी आई म्हणत होती, एकदा नॉर्मल झालंय तर पोट कशाला फाडून घेतेस? मी सकाळी एक ठरवायचे आणि शाळा सुटेपर्यंत दुसरं. फळ्यावर उदाहरण सोडवताना मध्येच हात थांबायचा. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "आता देवीकच इचारूया."

आमचं मूळ गाव तळकोकणात. तिथल्या ग्रामदेवीला कौल लावतात. देवीच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरव गाऱ्हाणं घालतो, प्रश्न विचारतो. उजवी पाकळी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. गावात माझे चुलत दीर होते, सुपारीची बाग सांभाळणारे, पन्नाशीकडे झुकलेले अगदी भिडस्त गृहस्थ. माझ्याशी बोलतानासुद्धा ते खिडकीबाहेर बघत. सासूबाईंनी त्यांना फोन करून सांगितलं, सिझर करावं की नाही तेवढं विचार. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "देवीन उजवो दिल्यान. काय एक काळजी करू नकात," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.

झालं, ठरलं. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. डॉक्टरबाईंना कळवलं, त्यांनी पुढच्या महिन्यातला एक गुरुवार दिला. मी गणिताची बाई, पाकळीवर माझं ऑपरेशन ठरावं याची मला मनातून लाज वाटत होती, पण ठरवण्याचं ओझं कुणीतरी उतरवलं म्हणून मी गप्प राहिले. तरी अन्न गोड लागेना. त्या गुरुवारचा विचार आला की घास तोंडातच फिरायचा. मला वाटलं, भीती आहे, असणारच.

गुरुवारला दहा दिवस उरले असताना भाऊजी दारात उभे. कोकमांची पिशवी हातात, चेहरा पडलेला. सासूबाईंनी पाणी दिलं तर ते तसंच हातात धरून बसले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "वयनी, माझ्या हातून चूक झाली. थंय देवळात सगळे पुरुष उभे होते. गुरवान इचारल्यान, काय इचारूचा? माका ता सिझराचा बोलूक जमला नाय. लाज वाटली. मी येवढाच इचारलंय, आमची बाळंतीण आणि बाळ सुखरूप घराक येतली काय? त्येका देवीन उजवो दिल्यान. मगे फोनावर कळला, तुमी सिझर ठरवल्यात. तेवापासून माका झोप नाय."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. हे गॅलरीत जाऊन उभे राहिले. मला मात्र आधी राग आला आणि लगेच, राग संपायच्या आतच, छातीवरचा दगड सरकल्यासारखं मोकळं वाटलं. मला चक्क भूक लागली. तेव्हा समजलं की सिझर मला नकोच होतं. पेपर तपासताना एखादा मुलगा विचारलेलं सोडून भलत्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर लिहितो, तसं आमचं झालं होतं. मला भीती कोणत्या वाटेने बाळ येणार याची नव्हतीच. मला भीती होती ती पुन्हा छताकडे बघत रक्ताची वाट पाहण्याची.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंना हे सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग आता आपण आपलं काम करू. दोन बाटल्या आणा, मी नॉर्मल करते." पण सिझरसाठी शोधत होतो तेव्हापासून एकच बाटली मिळाली होती. दुसरीसाठी ह्यांनी ऑफिसात, सोसायटीत, माझ्या शाळेत सगळीकडे विचारून झालं होतं. तो गट असलेला एक जण सापडला तर त्याला नुकतीच कावीळ होऊन गेलेली. घरी भाऊजी कोपऱ्यात बसून हे ऐकत होते. म्हणाले, माझा कोणी कधी तपासूकच नाय. ह्यांनी त्यांना रक्तपेढीत नेलं ते काही आशेने नाही, त्यांचं मन राहावं म्हणून. त्यांच्या-माझ्यात रक्ताचं नातं नाही. त्यांचा गट निघाला बी निगेटिव्ह. हे घरी आले, चप्पल न काढताच सोफ्यावर बसले आणि रडले. पहिल्या खेपेलाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

गुरुवारच्या दोन दिवस आधी सकाळी कळा सुरू झाल्या. दुपारी बाराच्या सुमारास मुलगा झाला. आणि पुन्हा तेच. चादर ओली होत गेली. पण या वेळी कुणी धावलं नाही. डॉक्टरबाईंचा हात पोटावर होता, इंजेक्शनं भरून ठेवलेली होती, एक बाटली लागली, ती संपत आली तेव्हा दुसरी लागली. उशाशी वसईतल्याच गावची एक आयामावशी माझा हात धरून उभी होती. ती म्हणाली, "बाय, वर काय बगते? माज्याकडं बग. पोरगा तुजा कसा आरडते ता आयक." मी छतावरची नजर काढली. नळीतून थेंब थेंब उतरत होता. ते भाऊजींचं रक्त होतं, हे मला माहीत होतं. हळूहळू पिशवी आकसली. माझे पाय गार पडले नाहीत.

देवीने हे केलं का, मला सांगता येणार नाही. भाऊजींनी देवळात धीटपणे प्रश्न विचारला असता तर काय उत्तर आलं असतं, तेही ठाऊक नाही. पण मग ते कबुली द्यायला आले नसते, आणि ती बाटली कुठून आली असती, या विचाराशी मी नेहमी थांबते. त्या दिवसांत आम्ही कुणी काही हुशारी केली नव्हती. एक भिडस्त माणूस सांगितलेलं विचारायला लाजला, आणि जे विचारायला हवं होतं तेच विचारून आला. डॉक्टरबाईंनी त्यांच्या हातातलं सगळं केलं, आम्ही आमच्या हातातलं केलं. त्यापुढचं ज्याच्या कुणाच्या हातात होतं, त्याच्यापुढे मी आता डोकं टेकवते. पूर्वी मला वाटायचं, स्वतःला देवावर सोपवणं म्हणजे आपण हातपाय हलवायचे थांबवणं. तसं नसतं, हे मी त्या खाटेवर शिकले.

बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर आम्ही गावी गेलो. गाभाऱ्यासमोर भाऊजी बाळाला घेऊन उभे होते, या खेपेला खिडकी नव्हती म्हणून बाळाकडे बघत. गुरवाने पाकळ्या भिजवल्या आणि सवयीने मला विचारलं, "बोला, काय इचारूचा आसा?"

मी म्हटलं, "विचारायचं काही नाही. आम्ही सुखरूप घरी आलो, एवढंच सांगायला आलोय."