कोरे मास्क

रंगाच्या कारखान्यातल्या स्टोअरकीपरला सगळे कोराकाका म्हणत, आणि तोंडावर म्हणत. त्याला तो मान वाटायचा. वस्तू वापरली की खराब होते, एवढं एकच ज्ञान या गृहस्थाने जन्मभर कमावलं. लग्नात मिळालेले बारा कप घरी काचेच्या कपाटात होते आणि चावी याच्या कमरेला. त्या कपांतून चहा प्यायच्या लायकीचा पाहुणा बावीस वर्षांत काही उगवला नाही.

स्टोअरमध्येही तीच तऱ्हा. फवारणी खात्यासाठी आलेले वीस मास्क कुलपात. वर्षातून एकदा तपासणीच्या सकाळी वाटायचे, तपासनीस गेले की पुसून पुन्हा पिशवीत. मॅनेजर पाठ थोपटायचा. मॅनेजरांना असली माणसं फार आवडतात.

बायकोचा धाकटा भाऊ त्याच फवारणी खात्यात होता. तोंडाला रुमाल बांधून दिवसभर पत्र्यांवर रंग मारायचा. घरी येऊन नाक शिंकरलं की निळं निघायचं. एकदा तो स्टोअरच्या खिडकीशी आला.

"दाजी, एक मास्क द्या ना. हल्ली दम पुरत नाही."

"पुढच्या महिन्यात तपासणी आहे. तेव्हा मिळणारच आहे तुला."

"आणि तोवर?"

"तोवर रुमाल रोज धुवत जा. माणसाने स्वच्छ राहावं."

तपासणीला आठ दिवस असताना थिनरच्या टाकीचा पाइप तुटला. खातं वाफेने भरलं. आत जाऊन व्हॉल्व्ह बंद करायला कुणीतरी हवं होतं, आणि मेहुणा पुढे झाला. मॅनेजर दोनदा ओरडला तेव्हा कुठे कोराकाकाने कुलूप काढलं.

"ओरखडा पाडू नकोस," मास्क देताना तो म्हणाला.

मेहुण्याने रुमाल सोडला, मास्क चढवला आणि त्याच्या भरवशावर थेट आत गेला. व्हॉल्व्ह बंद केला आणि तिथेच कोसळला. सहकाऱ्यांनी पाय धरून ओढत बाहेर काढलं.

बैल गेला अन् झोपा केला, तसे तपासनीस दुसऱ्या दिवशी हजर. इतकी वर्षं मास्क मोजून चहा पिऊन जाणाऱ्या या साहेबांना आता फिल्टरवरची तारीख वाचता आली. मुदत चार वर्षांपूर्वीच संपली होती.

"पण नीट बघा ना साहेब," कोराकाका म्हणाला, "अगदी कोरे आहेत."

दीड महिन्याने मेहुणा दवाखान्यातून बहिणीकडे आला. जिन्याच्या दर दोन पायऱ्यांना थांबत आला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, फुप्फुसं आता एवढीच चालतील. तो बसल्यावर बहिणीने लाटणं उचललं, कपाटाची काच फोडली, एक कप काढून धुतला आणि भावाला चहा दिला.

"अगं, चावी मागायची होतीस," कोराकाका म्हणाला.

"त्याने मास्क मागितला होता," ती म्हणाली.

कोराकाका खाली वाकून काचा वेचू लागला, आणि उरलेले अकरा कप धड आहेत ना, ते आधी बघून घेतलं.