वेलाला चालणारं न्हाणं

मैत्रिणींनो, आत्ताच कुंभार पिंपळगावहून जालन्यात उतरले आणि घरी जायच्या आधी सायबर कॅफेत शिरले. हे आजच सांगायचंय.

टायफॉइडनंतर माझे केस मुठीमुठीनं गळाले. तेव्हापासून डोक्यावरचा रुमाल मी कुणासमोर सोडला नव्हता. आज माहेरी गेले, तेही महागड्या शाम्पूची नवी बाटली घेऊन.

न्हाणीपाशी वहिनीनं बाटली पाहिली आणि जराशी अवघडली. "ताई, इथलं सगळं पाणी दोडक्याच्या वेलाला जातंय. मागं असल्याच फेसानं आळ्यातली कोथिंबीर पिवळी पडल्ती."

"मंग कशानं धुऊ?"

"रिठे भिजवलेत म्या. चालतंय का बघा."

मी रुमाल सोडला. माझे विरळ केस तिनं पाहिले आणि पाण्याचा तांब्या उचलला. फक्त म्हणाली, "डोळे मिटा, लई चुरचुरतंय."

कोमट पाणी आणि तिची सावकाश फिरणारी बोटं. फेस थोडाच, वास ओल्या लाकडासारखा. पाणी चारीतून वेलाकडं चाललं होतं आणि मिटल्या डोळ्यांनी मीही त्याच्यासोबत वाहत, पिवळ्या फुलांखाली जाऊन पडले.

मग बाजेवर, उन्हात, केस पसरून झोपच लागली. जाग आली तेव्हा शेजारच्या बाया ओट्यावर गप्पा मारत होत्या. मी तशीच, उघड्या डोक्यानं, त्यांच्यात जाऊन बसले.

रिठ्यानं केस परत येतील का, ठाऊक नाही. पण आपल्या अंगावरून गेलेलं पाणी कुणालातरी पिता येतं, हे कळल्यावर फार हलकं वाटलं.

तुमच्या मोरीतलं पाणी कुठं जातं गं?