उशीपुरती शांतता

तिसगावात आमच्या घराला लागूनच पिठाची गिरणी होती. एकोणीसशे एकाहत्तरच्या सुमारास आई अंथरुणाला खिळली, तेव्हा त्या मेल्या इंजिनाचा मला भयंकर संताप यायचा. लग्नाला कर्णे भाड्याने देणाऱ्या वडिलांनी भिंतीवर गोधड्या टांगल्या. पट्ट्याची किरकिर थांबली, धडधड मात्र येतच राहिली. मग त्यांनी भिंतीला माईक लावला आणि उलट्या तारा जोडून आईच्या उशाशी स्पीकर ठेवला. धडधडीला उलटी धडधड भिडली, की तेवढ्या उशीपुरती शांतता व्हायची. आईचा डोळा लागायचा.

ती गेली त्या सकाळी, मयत उचलेपर्यंत, गिरणीवाल्याने गिरणी बंद ठेवली. आता कशाला, म्हणून मी स्पीकर बंद करायला गेले. वडिलांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. आपलं रडनं तिला ऐकू जायला नगं."