बारवेत परत गेलेलं सोनं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायको होती तोवर तिलाही नाही. नमाजानंतर हात वर करतो तेव्हाही हे बाजूला ठेवूनच बाकीचं मागतो. तुम्हाला सांगायला बसलो आहे खरा — पण कुठून सुरू करू?

नारायण भोयापासून करतो. सगळं त्याच्यापाशीच येतं.

किन्हीराजात आमचं घर पिंजाऱ्याचं. गाद्या-रजयांचा कापूस पिंजायचा, हाच धंदा. नारायण तळ्यात मासे धरायचा, शिंगाडे काढायचा. पण पंचक्रोशीत आम्हा दोघांना ओळखत ते बुडी मारणारे म्हणून. कुणाचा हंडा विहिरीत पडो, मोटेचं लोखंड निसटो — बोलावणं आम्हालाच. एकाने खाली उतरायचं, दुसऱ्याने काठावर दोरी धरायची. दोरी हातात असली की खालच्याचा श्वास कळतो. कळतो म्हणजे काय? आपलाच वाटतो. मला भाऊ नव्हता. लग्न व्हायचं होतं. नारायणची दोरी धरून उभा असायचो ना, तेव्हाच काय तो मी कुणाचातरी असायचो.

त्या उन्हाळ्यात गावाबाहेरच्या जुन्या बारवेत मोटेचं कडं पडलं, म्हणून आम्ही गेलो. नारायण खाली गेला तो बराच वेळ वर येईना. मी दोरी ओढायला लागलो, तोच तो वर आला — काखेत तांब्याची एक छोटी कळशी, तोंड लाखेनं बंद केलेलं. तळाशी दगडांच्या सांदीत सापडली म्हणाला. पायरीवर आपटून लाख फोडली. आत मोहरा होत्या. अंगठ्याने चिखल पुसला तसा पिवळा रंग वर आला आणि अक्षरं दिसली. मी लहानपणी मौलवींकडे शिकलेलो. कलमा ओळखला.

"लिपी तुयी हाय, कादर," तो म्हणाला. "तूच वाशिमले जाऊन इचारून ये. मी गेलो तं सराफ मले फसवन."

मग ओल्या अंगानंच पायरीवर बसून त्याने सगळा बेत सांगितला. सोनं निघालं तर केनवडला सासऱ्याच्या वावराशेजारचं वावर घ्यायचं. बायको पोटुशी होती, तिला माहेरची ओढ. "मंग पान्यात नाही उतरत, लेका. मातीत राहीन."

तो किती खुशीत होता! आणि मी? मी त्याच्या बेतात स्वतःला शोधत होतो. कुठेच नव्हतो.

वाशिमच्या सराफाने एक मोहर कसोटीवर घासली आणि दुकानाचं दार लोटून घेतलं. बावनकशी, म्हणाला. फार जुनी, सुलतानांच्या वेळची. नुसत्या सोन्याच्या वजनाने विकू नका, शौकीन लोक याहून पुष्कळ जास्त देतात. अशा आणखी असतील तर चांगलं काळं रान येईल. सरकारला कळलं तर मात्र जमा होईल, हेही त्याने बजावलं. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला हेच ऐकवत आलो — सरकारने नेलंच असतं. पण परतताना माझ्या मनात सरकार नव्हतं. केनवड होतं.

नारायण बारवेवरच वाट पाहत होता.

"काय म्हनला सराफ?"

"पितळ हाय," मी म्हणालो. "वरून मुलामा. कोन्या जुन्या पीराचे बिल्ले असतीन."

त्याने पुन्हा विचारलंसुद्धा नाही. माझ्यावर संशय घ्यायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं. तो हसला. "आपल्या हाताले सोनं लागते काय?" मग मोहर माझ्या हातातून घेऊन कळशीत टाकली. "पन अल्लाचं नाव हाय म्हनतोस ना यावर? पायाखाली नाही आलं पाहिजे. जिथचं तिथं ठेवून येतो."

आणि तो उतरला. माझ्या देवाची अदब राखायला — तो. दोरी माझ्याच हातात होती. एक हिसका दिला असता तर तो वर आला असता. मी दिला नाही. तो रिकाम्या हाताने वर आला, केस झटकले, आणि मला — हेच सांगायचं होतं — मला आनंद झाला.

तो राहिला. दोन पावसाळे राहिला. पोरगं झालं, आणि तळ्यातल्या मासळीवर घर चालेना. लढाईची वर्षं होती. मुंबईच्या गोदीत पाण्याखालच्या कामाला माणसं हवी होती. केनवड एका दिवसाच्या वाटेवर होतं. मुंबई कुठे! जाताना म्हणाला, "दोरी धराले तुयासारखा कोनी भेटला पाहिजे फक्त."

कुणी भेटला की नाही, मला कळलं नाही. गोदीतून परतलेल्या एकाने एवढंच सांगितलं की नारायण उतरला तो वर आला नाही. अजून कुणी विहिरीत डोकावताना दिसला की माझी मूठ आपोआप आवळते.

त्याची बायको पोराला घेऊन माहेरी गेली. फार वर्षांनी केनवडच्या बाजारात तो पोरगा भेटला. तीच हनुवटी. दुसऱ्याच्या वावरात राबत होता. मी कोण ते सांगितलं तसा मला चाचा म्हणाला, सावलीत बसवलं, विचारलं, "माया बाप कसा होता?" बारव तेव्हा शाबूत होती. जागा मला ठाऊक होती. पण सोनं सांगायचं तर बाप का गेला, हेही सांगावं लागलं असतं.

मी म्हणालो, चांगला पोहायचा. आणि उठून बाजाराच्या गर्दीत शिरलो.